बदामाचा गुलाम

साउथहॅम्प्टन
मंगळवार, १६ नोव्हेंबर २००४

सुप्रभा,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. आधी लिहिलं होतं. मग तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या बाईला तिकीट लावून पत्र पाठवायची वेळ यावी, यातच सगळं आलं. पण फोनवर तू ‘हो, हो, बरं’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. दारावर आले तर पडदा हललेला दिसतो, दार काही उघडत नाही. मग माणसाने करायचं काय?

सप्टेंबरातल्या त्या मंगळवारपासून ट्रूडीच्या टेबलाशी तुझी खुर्ची रिकामी आहे. तिचा जर्मन पत्त्यांचा खेळ स्काट, तो तिघांचाच. दोघींनी खेळायचे काही प्रकार आहेत म्हणे, पण ट्रूडीला ते खपत नाहीत. ती तीन जणींची पानं वाटते. तुझी दहा पानं तुझ्या जागेवर उपडी पडून राहतात. मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणाली, सवय. मग आम्ही कॉफी पितो, तिच्या गुडघ्याबद्दल बोलतो आणि मी घरी येते. आज तर पानंसुद्धा वाटली नाहीत.

आता मुद्द्याचं बोलते. तुला नियम सांगायला मी कोण, पण तूच सांगायला लावलंस. स्काटमध्ये एक जण एकटा खेळतो आणि उरलेले दोघं त्याच्याविरुद्ध भिडू होतात. एकट्याने हुकूम ठरवायचा. ज्या रंगाची उतारी, त्या रंगाचं पान हातात असेल तर द्यायचंच. नसेल तर हुकमाने कापा नाहीतर दुसरं काहीही टाका, सक्ती नाही. इथवर आपल्या मेंढीकोटसारखंच. फरक आहे तो गुलामांचा. चारही गुलाम कायम हुकूम. बदामाच्या गुलामावर बदाम छापलेला असला तरी तो बदामाचा नव्हे. हुकमाची उतारी झाली आणि हातात दुसरा हुकूम नसेल, तर तो घालावाच लागतो. पहिल्या हिवाळ्यात हे आपल्याला जड गेलं होतं. पण त्याला आता तीस वर्षं होऊन गेली.

त्या दिवशी मी एकटी खेळत होते, हुकूम इस्पिक. मी किलवरच्या गुलामाची उतारी केली. तू चौकटची सत्ती टाकलीस. मी इस्पिकचा गुलाम उतरले, तू पुन्हा चौकटच टाकलीस. ठीक आहे, म्हटलं, हिच्याकडे हुकूम नाही. नंतर एक हात ट्रूडीला गेला, तिने बदामाचा एक्का उतरला, आणि त्यावर तू शांतपणे बदामाचा गुलाम टाकलास. मी विचारलं, हा मघाशी कुठे होता? तर तू माझ्याकडे बघून म्हणालीस, ‘बदामावर बदाम दिला. त्यात काय झालं?’

पान असून दिलं नाही, की डाव तिथेच मोडतो आणि समोरच्याचा होतो. तो डाव माझा होता. तुझ्या जागी मी असते तर हसून कबूल केलं असतं आणि पुढच्या मंगळवारी केक करून आणला असता. तू मात्र पान हातात धरून तेच तेच म्हणत राहिलीस. मग मीही दोन शब्द बोलले. खेळात बोललं जातं. तुला न्यायला आलेली तुझी सून मीनल दारात उभी होती, हे मला नंतर कळलं.

चूक झाली एवढं म्हण. मी लगेच विसरेन.

लीलावती
(सध्या ‘लीला’ नव्हे)


साउथहॅम्प्टन
मंगळवार, १ फेब्रुवारी २००५

सुप्रभा,

हळदीकुंकवाला गेले होते. तिथे शशी देशमुख मला सांगते, ‘तुमच्या मैत्रिणीचं घर विकलं गेलं ना, लीलाकाकू? मुलाकडे रीडिंगला गेल्या म्हणे.’ मी तिळगूळ तोंडात धरून हो हो केलं. जसं काही मला माहीतच होतं. घरी येऊन यांना सांगितलं, तर हे म्हणाले, ‘मुरलीधर गेल्यानंतर एकटी किती दिवस राहणार? बरं झालं, अंशुमन घेऊन गेला.’ बरं झालं ते ठीक. पण एका शब्दाने सांगायचं नाही?

मुरलीधर गेले त्या आठवड्यात मी तुझ्याकडे झोपायला होते, हे मी काढत नाही. नुसतं आठवलं म्हणून लिहिते.

आज ट्रूडीकडे जुने दिवस निघाले. आपण नव्या होतो तेव्हाचे, बहात्तर सालचे. खाणवाल्यांचा संप आणि वीज जायची, आणि आपले दोघींचे नवरे हॉस्पिटलात ड्यूटीवर. मेणबत्ती उसनी मागायला आपण तिच्याकडे गेलो, तर ही बाई एकटीच अंधारात पत्ते लावत बसलेली. युद्धानंतर इंग्रज सोल्जरशी लग्न करून हॅम्बुर्गहून आलेली, आणि वीस-पंचवीस वर्षांनीही गल्लीत कुणी तिच्याकडे चहाला जात नव्हतं. आपल्याकडे तरी कोण येत होतं? तिने विचारलं, ‘यू प्ले कार्ड्स?’ तू म्हणालीस, ‘मेंढीकोट.’ तिला वाटलं, ते आपल्या गावाचं नाव आहे.

तिची शिस्त आठवते ना? एकदा नाताळात तिच्याच वॉल्टरने चुकून पान असून कापलं, तर पाहुण्यांसमोर डाव मोडला आणि त्या बिचाऱ्याला भांडी घासायला लावली. आपण हसलो की म्हणायची, ‘वास लिग्ट, लिग्ट.’ पडलं ते पडलं. टाकलेलं पान उचलायचं नाही. हात जिंकून उपडा केला की परत उघडून बघायचा नाही. माझी तीच तर बाजू आहे. मी काही नवा कायदा काढला नव्हता.

तरी मान्य करते, मी दोन नाही, चार शब्द बोलले. मीनलसमोर बोलायला नको होते. सुनेसमोर सासूला कुणी बोललेलं मलाही चाललं नसतं. पण तूही ते सोंग सोडायला हवं होतंस.

रीडिंगचा पत्ता मीनलकडून मागवून घेतला. ती फोनवर काहीतरी सांगणार होती, पण मी घाईत ठेवला. मला तिच्याकडून तुझ्या तक्रारी ऐकायच्या नव्हत्या.

साउथहॅम्प्टनची गाडी रीडिंगला तासाभरात पोचते. उलटही तेवढाच वेळ लागतो.

लीलावती


साउथहॅम्प्टन
मंगळवार, ८ नोव्हेंबर २००५

सुप्रभाबाई यांस,

तुम्हीच सुरुवात केलीत म्हणून असं लिहिते.

रीडिंगच्या गणपतीत हॉलमध्ये शिरले तर समोर तू. हिरवी काठपदराची साडी नेसलेली, हातात प्रसादाचा द्रोण. वाटलं, आता ही तोंड फिरवेल किंवा रडेल, दोन्हीला माझी तयारी होती. तू हसलीस. आणि म्हणालीस, ‘नमस्कार. बऱ्या आहात ना? यंदा गर्दी फार आहे, नाही?’

आहात. तेहतीस वर्षांच्या अगं-तुगंनंतर मला ‘आहात’. बाजारात धक्का लागलेल्या बाईशी बोलावं तसं. मी ‘हो’ म्हटलं आणि पुढे गेले. आरतीच्या वेळी मागून बघत होते. तू टाळ्या वाजवत होतीस आणि सगळ्या आरत्या तुला पाठ होत्या. म्हटलं, बाई मजेत आहे. हिला आपली काही गरज नाही. येताना गाडीत हे म्हणाले, ‘तिचे डोळे मला बरे वाटले नाहीत.’ मी म्हटलं, तुम्ही भूल देणारे डॉक्टर, डोळ्यांचं तुम्हाला काय कळतं?

आणि आता हा डबा. दर दिवाळीला माझे अनारसे तुझ्याकडे आणि तुझी चकली माझ्याकडे, हे गेल्या वर्षी चुकलं होतं. परवा पार्सल आलं तेव्हा, सुप्रभा, मी स्वयंपाकघरात उभी राहून डबा छातीशी धरला. म्हटलं, आली. शेवटी आली. मग चकली तोंडात घातली. मिठाचा कण नाही. एकात नाही, दुसरीत नाही, सगळा घाणा अळणी. तुझ्या चकलीवर आख्ख्या मंडळाच्या बायका टपलेल्या असतात. तुझ्या हातून मीठ राहील यावर कोण विश्वास ठेवेल? मला कळायचं ते कळलं. असला खोडसाळ टोमणा मारणं तुझ्या स्वभावात नव्हतं, हे कुठून शिकलीस?

ट्रूडीने मात्र सगळ्या खाल्ल्या. एकेक करून, कॉफीत बुडवून. मी म्हटलं, अगं, मीठ नाही त्यात. ती म्हणाली, ‘आय नो.’ आणि पुढची उचलली.

तिला मी तुझं सगळं सांगते, गणपतीतलंही सांगितलं. ती खिडकीबाहेर बघते. पंच्याहत्तरी ओलांडली की माणसं अशीच होतात बहुतेक.

मी यापुढे लिहिणार नाही.

सौ. लीलावती दी. कर्वे


साउथहॅम्प्टन
मंगळवार, ४ एप्रिल २००६

प्रिय सुप्रभा,

काल रात्रीपासून हे पत्र लिहायला बसते आहे आणि उठते आहे.

मीनलचा फोन आला होता. तू गेल्या मंगळवारी बॅगेत पत्त्यांचा कॅट घालून घराबाहेर पडलीस. रीडिंग स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीशी उभी राहून आपल्या भागाचं, पोर्ट्सवुडचं, तिकीट मागत होतीस. तिथल्या मुलीने विचारलं, पोर्ट्सवुडला स्टेशन नाही, तुम्हाला साउथहॅम्प्टन म्हणायचंय का, तर तुला सांगता येईना. मीनल ऑफिसातून पळत आली. म्हणाली, ‘काकू, आय शुड हॅव टोल्ड यू. सांगणारच होते, पण तुम्ही फोन ठेवायचात. आणि मला तुमचा राग पण होता. जी.पी.ने मेमरी क्लिनिकला पाठवलं होतं. आईंना अल्झायमर आहे. डॉक्टर म्हणाले, निदान दोन-तीन वर्षं तरी चालू असेल. आम्हालाच उशिरा लक्षात आलं.’

दोन-तीन वर्षं. मी फोन हातात धरून मनातल्या मनात मागे गेले, आणि त्या मंगळवारी येऊन थांबले.

तू सोंग घेत नव्हतीस. तुला खरोखरच तो बदाम दिसत होता. ट्रूडीचा सगळा स्काट तुझ्या डोक्यातून निसटला होता आणि खाली जे राहिलं होतं ते लहानपणीच्या साताऱ्याच्या माजघरातलं होतं, मेंढीकोट, जिथे बदामाचा गुलाम बदामाचाच असतो. बदामावर बदाम दिला, त्यात काय झालं? अगं, खरंच काय झालं होतं?

आणि पडद्यामागची तू, ते ‘आहात’, ती चकली. मी एकेक गोष्ट उचलून बघितली. प्रत्येक वेळी तू हात पुढे केलेला होतास आणि मी त्यावर फटका मारला होता. ज्या बाईला मीठ घालायचं आठवत नाही, तिला मला डबा पाठवायचा हे आठवलं होतं.

आज सकाळी ट्रूडीकडे गेले. दारातच सांगून टाकलं. ती किटली ठेवत होती, वळलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘आय नो. वॉल्टर वॉज द सेम.’ मग हळूहळू निघालं. त्या सप्टेंबरच्या आदल्या हिवाळ्यापासून तुझ्या हातून चुका होत होत्या. पान असून कापायचीस, हुकूम असून सोडायचीस. ती बघत होती. तू तिची भिडू असलीस काय आणि तिच्याविरुद्ध असलीस काय, ती चटकन हात उचलायची आणि उपडा करून टाकायची, मला दिसायच्या आत. उपडा केला की उघडायचा नाही, हा तिचाच नियम. किती वेळा केलं, विचारलं तर म्हणाली, मोजलं नाही. नवऱ्याला पाहुण्यांसमोर भांडी घासायला लावणारी ही बाई. आणि मी, जिला मुरलीधर गेले तेव्हा तू रात्री उशाशी बसवून घेतलं होतंस, मी एकच चूक बघितली आणि पकडली.

मी तिला म्हटलं, मला सांगायचं नाहीस का? ती म्हणाली, ‘ती सांगेल तेव्हा सांगायचं. पहिल्यांदा माणसाला स्वतःला कळतं, लीला. ते फार लपवतात.’

म्हणजे त्या दिवशी तुला आतून कळत असेल. म्हणून पान घट्ट धरून ठेवलं होतंस.

मी दोन शब्द बोलले असं लिहिलं होतं, मग चार लिहिलं. नक्की काय बोलले ते लिहायची हिंमत झाली नव्हती. आता तू वाचणार नाहीस, मीनल वाचेल, आणि तिने तर ऐकलेलंच आहे. मी म्हटलं होतं, ‘चोर पकडला गेला की असाच वेड पांघरतो. तुझ्यासारख्या चोराबरोबर मला खेळायचं नाही.’

मीनल, हे एवढं वाक्य आईंना वाचून दाखवू नकोस.

तुझी
लीला


साउथहॅम्प्टन
मंगळवार, २३ मे २००६

प्रिय सुप्रभा,

मीनल म्हणाली, या ना काकू, आईंना माणसं आली की बरं वाटतं. आज येणारच होते. पण गाडी रद्द झाली. इथल्या रेल्वेचं तुला माहीतच आहे, पानं पडली तरी बंद, ऊन पडलं तरी बंद. पुढच्या आठवड्यात बघते. यांचं ब्लडप्रेशर थोडं वर आहे आणि ट्रूडीच्या गुडघ्याचं ऑपरेशनही आलं आहे, त्यामुळे कदाचित जून उजाडेल.

परसात मोगरा जगवलाय, कुंडीत, काचेच्या आत. दोन कळ्या आल्यात. तुला आणणार होते.

वरचं सगळं वाचून बघितलं. सुप्रभा, गाडी रद्द झाली नव्हती. मी गाडीत बसले. मोगऱ्याच्या कळ्या ओल्या कागदात गुंडाळून घेतल्या होत्या. विंचेस्टर गेलं, आणि मग मनात आलं, हिने मला ओळखलं नाही तर? आणि लगेच दुसरं आलं, ओळखलं तर? ओळखलं आणि तेवढं एकच वाक्य आठवलं तर? बेसिंगस्टोकला दार उघडलं आणि मी उतरले. समोरच्या फलाटावर जाऊन परतीची गाडी धरली. हे विचारत होते, कशी आहे? मी म्हटलं, झोपली होती.

ट्रूडीला खरं सांगितलं. ती म्हणाली, ‘माझा गुडघा होऊ दे. दोघी जाऊ. तुला बेसिंगस्टोकला मी उतरू देणार नाही.’

मीनल, तू वाट बघत होतीस, माफ कर.

तुझी
लीला


साउथहॅम्प्टन
बुधवार, १३ सप्टेंबर २००६

प्रिय सुप्रभा,

काल आम्ही येऊन गेलो. तुला आज ते आठवत नसेल, म्हणून लिहून ठेवते. मीनल तुला कधीतरी वाचून दाखवेल.

ट्रूडी ऐंशीची झाली, नव्या गुडघ्याने काठी टेकत गाडीत चढली. बेसिंगस्टोक आलं तेव्हा काठी माझ्या पायांसमोर आडवी धरून बसली. गाडी सुटल्यावर म्हणाली, ‘आज सगळे गुलाम आपापल्या घरी. जॅक ऑफ हार्ट्स इज अ हार्ट. सुप्रभा जसं खेळेल तसं.’ या बाईच्या तोंडून हे ऐकायला मला चौतीस वर्षं लागली. मी मान डोलावली.

मीनलने दार उघडलं. मी तिच्याशी काय बोलायचं याची तयारी करून आले होते. तिने ऐकून घेतलं नाही. ‘काकू, आत या आधी, चहा ठेवलाय,’ म्हणाली. तुझी वेणी घातलेली होती. तू उठून उभी राहिलीस, ट्रूडीकडे बघितलंस आणि म्हणालीस, ‘ट्रूडी, गुडघा कसा आहे?’ ट्रूडी तुला जवळ घेऊन उभीच राहिली. मग तू माझ्याकडे वळलीस. ‘या, बसा ना. लांबून आलात?’

हेवा वाटला मला. या वयात, अशा वेळी, ट्रूडीचा हेवा. मी म्हटलं, साउथहॅम्प्टनहून. तू म्हणालीस, ‘अरे वा. तिथे आमची लीला असते.’

मीनल चहाचे कप हातात घेऊन दारातच थांबली. ती ‘आई, याच तर’ म्हणणार होती. मी तिला नको म्हणून खुणावलं. का ते मला अजून सांगता येत नाही.

पानं तू वाटलीस. मीनल म्हणत होती, आईंना हल्ली बटणं लावता येत नाहीत. पण तू तीन-तीन पानं वाटलीस, दोन मधे उपडी ठेवलीस, मग चार-चार, मग पुन्हा तीन. एक पान इकडचं तिकडे झालं नाही. बोली लावताना तू गोंधळलीस, तेव्हा ट्रूडी म्हणाली, ‘यू प्ले, सुप्रभा. हुकूम काय?’ तू लगेच म्हणालीस, ‘इस्पिक.’ मी आणि ट्रूडी भिडू झालो, तुझ्याविरुद्ध.

माझ्या हातात बदामाचा गुलाम आला होता. इस्पिक एकही नाही. तू इस्पिकचा एक्का उतरलीस. एरवी मला गुलाम घालावा लागला असता. पण गाडीत ठरलं होतं, आज तो बदामाचा, म्हणून मी चौकटची एक पत्ती टाकली. तू हात उचललास. पुन्हा इस्पिक उतरलीस, मी पुन्हा चौकट टाकली. मग तू बदामाचा राजा टाकलास, आणि मी त्यावर बदामाचा गुलाम ठेवला. बदामावर बदाम दिला.

तू पानाकडे बघत राहिलीस. मग मान वर केलीस, आणि तुझे डोळे, सुप्रभा, अगदी पूर्वीचे, पान पकडणारे. ‘अहो, हा हुकूम आहे,’ तू म्हणालीस. ‘मघाशी मी इस्पिक उतरले तेव्हाच द्यायला हवा होता. बदामाचा गुलाम बदामाचा नसतो. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?’

मी ट्रूडीकडे बघितलं. ट्रूडी तुझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, ‘चुकलं माझं.’

तू दाराकडे बघितलंस, कुणी येत नाही ना ते. मग पुढे वाकून, आवाज बारीक करून म्हणालीस, ‘उचला. उचला ते पान, परत हातात घ्या. कुणी बघितलं नाही. आमची लीला आली ना, तर ती फार बोलते. मनाची वाईट नाही हो ती. पण बोलते, आणि मग माणसाला घरी जावंसं वाटतं.’

पडलं ते पडलं, असं जन्मभर सांगणारी बाई शेजारी बसली होती. तिला मराठी येतं तेवढं पुरलं असावं. तिने बोटाने ते पान हळूच माझ्याकडे सरकवलं. मी ते उचललं आणि हातात घेतलं.

तुला बरं वाटलं. तू मागे टेकून बसलीस. थोड्या वेळाने विचारलंस, आज मंगळवार ना? मी हो म्हटलं. ‘मग यायला हवी होती,’ तू म्हणालीस. ‘फार दिवसांत आली नाही. रागावली आहे माझ्यावर.’ मग माझ्या हातावर हात ठेवलास. ‘तुम्ही तिथल्याच ना? भेटली तर तिला सांगाल? सांगा, सुप्रभाने काही चोरलं नव्हतं. मला तो बदाम वाटला.’

मी म्हटलं, ‘सांगते.’

पुढचा डाव झाला नाही, तू दमली होतीस. ट्रूडी म्हणाली, आता दर मंगळवारी येऊ. तू दारापर्यंत सोडायला आलीस, मला म्हणालीस, विसरू नका हं. या खेपेलाही मोगऱ्याच्या कळ्या ओल्या कागदात आणल्या होत्या; परतीच्या गाडीत तो कागद उघडला तर कळ्या तशाच आत, तुला द्यायच्याच राहिल्या होत्या.

निरोप पोचला, सुप्रभा. तिला सांगितलं.

लीला